खळ आणि डांबर

माय लग्न होऊन खाप्याहून नागपुरात आली, तेव्हापासून अंगणातल्या नळाशेजारी तरटाच्या आडोशाला आंघोळ करायची. अंगावरचं लुगडं न काढता. अंगण सगळ्या बिऱ्हाडांचं, येणारे-जाणारे पुरुष, पायाखाली शेवाळ, साबणाचा गाळ, नालीतून वर येणारे किडे. पुढं मीही त्याच तरटाआड उभी राहिले आणि ओलेत्यावरच कोरडे कपडे चढवून कॉलेजला गेले. मला त्याची किळस अजून आहे. गरिबीची नाही... सगळ्यांना त्याची सवय झाली होती, त्याची.

बाबा गेले त्याला आता दीड महिना होईल. निरोप आला तेव्हा मी शाळेत वर्गावर होते. तेरवीला लोक म्हणाले, देवमाणूस होता, कधी कुणावर आवाज चढवला नाही. मी ऐकून घेतलं. देवमाणूस वगैरे नव्हते ते. हातमागावर लुगडी विणणारे, हट्टी, घरातल्या बायांपेक्षा मागावरच्या ताण्याला, त्या ताणलेल्या उभ्या सुताला, जास्त जपणारे गृहस्थ होते.

घर म्हणजे खाली एक खोली, तिच्यात जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला माग. वर सागवानी फळ्यांचा मजला, तिथं आम्ही राहायचो. खाली जागाच नव्हती, तेव्हा न्हाणी करायची तर वरच. मी बी.ए. झाले, आमच्या अख्ख्या नात्यात पहिली, आणि शाळेत नोकरी लागली, तेव्हा मी सांगून टाकलं, की वरच्या कोपऱ्यात बाथरूम होणार. भिंती, दार, आतून कडी, खाली टाइल्स.

"अन् पाणी माह्या ताण्यावर गळन तं?" बाबांनी विचारलं.

"गळू नये म्हणूनच टाइल्स, बाबा."

मिस्त्री आला. फळ्या ठोकून पाहिल्या, कुजलेल्या बदलायला सांगितल्या. म्हणाला, "बुवा, लाकूड पाण्यानं फुगते. आधी फटी बुजवा, वरून गरम डांबर, मंग जाळी, मंग सिमेंट. तवा टाइल धरन."

"डांबर नाही," बाबा म्हणाले. "एक थेंब खाली पडला तं लुगडं गेलं."

"मागावर ताडपत्री टाकू ना."

"धूर काय ताडपत्रीले विचारून येते?"

मिस्त्रीनं खांदे उडवले. मी शाळेत असताना बाबांनी आपल्या हातानं फटी बुजवल्या. कशानं, तर ताण्याच्या सुताला कडकपणा यावा म्हणून लावतात त्या खळीनं! तांदळाच्या पिठाची घट्ट खळ शिजवली, तिच्यात सुताचे तुकडे कालवून फटींत दाबले आणि सुतावर फिरवतात तसा वरून कुंचा फिरवला. वाळल्यावर फळ्या अशा गुळगुळीत दिसायला लागल्या की माय म्हणाली, "पाह्य वं, कसा हात आहे तुह्या बाबाचा." मिस्त्रीनंही मान डोलावली, त्यावरच सिमेंट ओतलं आणि टाइल्स बसवून मोकळा झाला.

माय नव्या न्हाणीत जायला अजून बुजत होती, मी एकटीच तिथं आंघोळ करू लागले. थोड्याच दिवसांत वास सुरू झाला. आधी आंबलेल्या पेजेचा, मग मेलेल्या उंदराचा. टाइल्स सुटून वर आल्या. पाय ठेवला की खालून पिवळं चिकट पाणी पिचकन वर यायचं. एक टाइल मी उलथण्यानं काढली. खाली काळी बुरशी, तिच्यात लडबडलेलं सूत आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. मी खिडकीतून ओकले. शेजारीण खालून म्हणाली, "मास्तरीणबाई, घरात काही मेलं काय वं?" माय बादली घेऊन रोजच्यासारखी अंगणात उतरली.

आणि बाबा खाली माग चालवत म्हणायचे, "वास? मले तं नाही येऊन राहिला." त्या अळ्यांपेक्षा मला या वाक्याची जास्त किळस यायची. आजही येते.

मग एक दिवस व्यापाऱ्यानं त्यांचं लुगडं परत केलं. घडीही मोडली नाही, नुसतं नाकाशी नेलं. "बुवा, याले कसला वास आहे हो?" बाबा ते काखेत धरून घरी आले आणि मागापाशी बसून राहिले. मी म्हटलं, "आता आला ना वास?" त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी माय जिन्याखालून ओरडली. मागावर अर्धं विणलेलं लुगडं होतं, आणि बाबा कात्रीनं ताणा कापत होते. या काठापासून त्या काठापर्यंत. "अर्ध्यावर काहून कापून राहिले हो?" मायनं विचारलं. विणकर असं करत नाही... विणकराच्या घरात जन्मल्याशिवाय ते कळायचं नाही. त्यांनी मागाची लाकडं सोडवून अंगणात नेली आणि मला म्हणाले, "बोलाव त्या मिस्त्रीले. कर म्हणा काळं, ओत म्हणा डांबर."

वरचा सडका थर त्यांनीच उपसला, नाकाला फडकं न बांधता. फळ्या उन्हात वाळवल्या, कुजक्या बदलल्या, पाण्याला ढाळ दिला. डांबर ओतलं तेव्हा त्याचे थेंब मागाच्या रिकाम्या खड्ड्यात पडत होते आणि बाबा बाजूला उभे राहून बघत होते. मग जाळी, सिमेंट, टाइल्स. स्वतः मात्र अंथरुणाला खिळेपर्यंत ते अंगणातच आंघोळ करत राहिले. वरच्या न्हाणीला म्हणायचे, "तुह्यं बाथरूम." चूक झाली असं एकदाही म्हणाले नाहीत. मीही म्हणवून घेतलं नाही.

सिमेंट वाळल्यावर आम्ही वर बादल्या ओतल्या. बाबा खाली तोंड वर करून उभे होते. एक थेंब गळला नाही. दुसऱ्या दिवशी, चांगलं उजाडल्यावर, मायनं आतून कडी लावली, लुगडं काढून खुंटीला टांगलं आणि आंघोळ केली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.