कारखान्यातला फळा

कॉम्प्युटरचं शिक्षण संपवून मी आमच्याच जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात लागले, तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मोठं यंत्र थंड खोलीत आणि त्याला जोडलेले पडदे चार ठिकाणी: हिशेब, स्टोअर, टाइम ऑफिस आणि उसाचा वजनकाटा. वडील बेंबळीला शाळामास्तर. बौद्ध वस्तीतली आपली पोरगी थंड खोलीत बसते याचं त्यांना अप्रूप होतं. मला तिथं सर्दी व्हायची.

शिपायानं न्यायचा निरोप पडद्यावरून जावा, एवढंच काम मला सांगितलं होतं. मी थोडं वेगळं केलं. निरोप सगळ्यांना दिसेल आणि खाली कुणालाही भर घालता येईल, असा प्रोग्राम लिहिला. त्याला फळा म्हणायचं ठरलं. लिहिणाऱ्याचं नाव दिसायची सोय ठेवली नाही. एवढ्याशा ऑफिसात ती कशाला, असं वाटलं.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. ऊस चाऱ्याला गेला, गाळप लवकर आटोपलं, पडदे रिकामे पडले. मग लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागले. जीप सोलापूरला चाललीय, कुणाला यायचंय का? तुळजापुरात पाहुण्यांसाठी खोली मिळेल का? समोरासमोर न बोलणारी माणसंही फळ्यावर एकमेकांना उत्तरं द्यायची.

एका सकाळी तिथं आलं, 'पाण्याचा टँकर आधी बंगल्यांवर जातो. चाळीत नुसता गाळ येतो.'

मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. "कुणी लिहिलं हे?"

"प्रोग्राम नाव साठवतच नाही, साहेब."

"मग साठवा. आणि हे पुसा."

"नाव घालते. पण मग सगळ्यांचंच दिसेल, तुमचंसुद्धा. आणि इथून पुढं ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं."

"माझं काय दिसायचंय? मी लिहितोय कुठं?"

ते वाक्य मी पुसलं. लिहिणाऱ्यांना आपापला पासवर्ड दिला. नावं दिसायला लागली आणि फळा कोरा झाला. स्टोअरकीपर मुरुमचे, घरी कानडी बोलणारे. ते म्हणाले, "आता नावानिशी कोन लिवतंय, ताई?" मला दुःख असं झालं नाही. चालणारं यंत्र बंद पडलं की चिडचिड होते, तशी झाली.

टाइम ऑफिसात हजेरी बघणाऱ्या बाई चाळीत राहायच्या. माझ्या आईच्या वयाच्या. पडद्याला त्या कधी हात लावत नसत. एक दिवस म्हणाल्या, "मला दाव बरं, कसं लिवायचं." मी त्यांनाही पासवर्ड करून दिला आणि दाखवलं. एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी टँकरचं तेच वाक्य लिहिलं. शेजारी त्यांचं नाव आलं.

"आधीचंही तुम्हीच लिहिलं होतं का?" मी विचारलं.

"न्हाय गं. पर खोटं हाय का ते?"

दुपारी त्या वाक्याखाली स्टोअरकीपरचं नाव आलं, 'चाळीत मीबी राहतो.' मग काट्यावरच्या दोघांचं. हातातलं काम टाकून मी फळाच उघडून बघत होते.

संध्याकाळी मी हिशेबाच्या खोलीतल्या पडद्यापाशी होते, तिथं साहेब आले. उभ्यानंच सगळं वाचलं आणि मला म्हणाले, "लिहा. उद्यापासून टँकर आधी चाळीत."

मी लिहिलं. त्यापुढं माझं नाव उमटलं. मागं कुणीतरी खोकलं.

"हे तुमच्या नावानं का?"

"मी लिहिलं म्हणून, साहेब."

त्यांनी खुर्ची ओढली. मी त्यांना पासवर्ड करून दिला. तेच वाक्य ते स्वतः लिहायला लागले. त्यांनाही अक्षरं सापडेनात, पण कुठलं कुठं आहे हे मी सांगितलेलं त्यांना चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर चाळीत आधी आला. पाणी काही वाढलं नव्हतं. तळाचा गाळ आता बंगल्यांवर जायला लागला, एवढंच. साहेब माझ्याशी बरेच दिवस तुटक बोलले. फळ्यावर मात्र ते रोज लिहायला लागले, बहुतेक वेळा स्वच्छतेबद्दल.

पुढं पुण्यात मी याच तऱ्हेची कामं करत राहिले. चार माणसं एकत्र लिहिणार म्हटलं की नाव दाखवायचं का, यावर प्रत्येक ठिकाणी वाद झाला. मी दोन्ही बाजूंनी भांडलेय.