जेवलात का?

"काका, जेवलात का?" असं विचारत ती दंडावर कापूस फिरवायची. आपण काय खाल्लं ते सांगेपर्यंत सुई आत जाऊन बाहेरही आलेली असायची.

परभणीत आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात ती नर्स होती. मूळची बोरी गावची, आमच्या शेजारी भाड्याच्या खोलीत राहायची. माझी बायको इंजेक्शन घेता घेता तिला भाजीत काय कमी पडलं होतं तेही सांगून यायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती विचारतात तेव्हा खरंच विचारतात.

तिला परदेशातल्या दवाखान्यात नोकरी मिळत होती. अट एकच, इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास होणं. परीक्षा हैदराबादला. पहिल्या खेपेला परीक्षकबाईंनी नाव विचारलं आणि हिची वाचाच बसली. नापास. दुसऱ्यांदा तसंच झालं असतं तर ती जागा दुसऱ्या कुणाला गेली असती.

मग रोज सकाळी आमच्या ओट्यावर मी परीक्षक व्हायचो. माझं इंग्रजी ऑफिसातल्या पत्रांपुरतं, त्यामुळे माझ्यापुढे ती घडाघडा बोलायची. सुरुवातीला नाव-गाव विचारतात त्याला मार्क जवळजवळ नसतातच, हे मी तिला हिशेबाने समजावलं. ती हसली.

"काका, सुई टोचायच्या आधीच माणूस जास्त भेतंय. त्याला कुठं मार्क असतेत?"

मी पुन्हा परीक्षक झालो आणि नाव विचारलं.

दुसऱ्या खेपेला बायकोने दशम्या बांधून दिल्या आणि आत जाण्याआधी खाऊन घे, असं दोनदा बजावलं.

परत आल्यावर तिने ओट्यावर बसून सगळं सांगितलं. आत पाऊल टाकताच पुन्हा वाचा बसायची वेळ आली होती. दुपार टळून गेलेली. परीक्षकबाई सकाळपासून बसून दमलेल्या, चेहरा उतरलेला. त्यांनी नाव विचारायच्या आधीच हिच्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, हॅव यू ईटन?"

"मग?" मी विचारलं. परीक्षकालाच प्रश्न विचारलेला चालतो का, ही काळजी आता मला लागली होती.

"हसल्या की. 'नॉट येट' म्हणल्या. मला वाटलं, ह्या तर आपल्या पेशंटच हायेत. मग भ्यायचं कशाला?"

पुढे ती बोलतच गेली. पास झाली.

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. तिकडचे पेशंट तो प्रश्न ऐकून आधी गोंधळतात आणि मग सांगत बसतात, असं फोनवर म्हणते.

दवाखान्यात नवी मुलगी आली आहे. कामाला चोख, पण बोलत नाही. परवा ती दंडावर कापूस फिरवायला लागली आणि मलाच राहवलं नाही.

"जेवलीस का गं?"

तिचा हात थांबला. "न्हाई ओ काका. सकाळपासून गर्दीच लय हाय."

मग तिने सुई टोचली. दुखलं, खोटं कशाला सांगू. पण मागच्या खेपेपेक्षा कमी.