म्हातारपणाचे गार्डसाहेब

दौंड जंक्शनातून आजवर सुटलेल्या सगळ्या गाड्यांनी मिळून केला नसेल एवढा गोंगाट माझ्या थोरल्या साडूंनी एकट्याने केला आहे. फरक इतकाच, की गाड्या कुठेतरी पोहोचल्या. साडू मालगाडीचे गार्ड होते. निवृत्तीच्या दिवशी रेल्वेने त्यांच्याकडून डबा, कंदील आणि जबाबदारी काढून घेतली. शिट्टी आणि दोन निशाणे मात्र त्यांच्याकडे कशी राहिली, हे मी अजून विचारलेले नाही. मी बाजारात तोलाईच्या कामावर, रेल्वेचे कायदे मला ठाऊक नाहीत. पण नियमाने पाहता शिट्टी-निशाणे परत जायला हवी होती, एवढे मला कळते. धडधाकट माणसाला रिकामे करून त्याच्या हातात शिट्टी ठेवली की काय होते, हे पुढे शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांनी भोगले.

झाले असे, की त्यांनी कुठल्याशा शिबिरात एका डॉक्टरांचे म्हातारपणातल्या आरोग्यावरचे भाषण ऐकले. अर्धेच ऐकले, कारण त्यांची एसटी होती. पण उरलेले अर्धे त्यांनी स्वतः रचले आणि गावोगावी वर्ग सुरू केले. पारावर जायचे, शिट्टी फुंकायची, म्हाताऱ्यांना ओळीत बसवायचे. मग एकेका गोष्टीचे नाव घेऊन निशाण दाखवायचे. भाकरी, पालेभाजी, ताक, सकाळचे चालणे यांना हिरवे. तंबाखू, मिसरी, चुलीच्या धुरात बसणे यांना लाल. दुपारच्या झोपेलाही लाल होते. त्यामागे शास्त्र काहीच नव्हते, माणसे त्यांच्याच भाषणात झोपत म्हणून ते आले. "चालणारा माणूस शंभरी गाठतो," असे ते ठोकून देत. एकदा मी म्हटले, "साडूभाऊ, असा एक तरी दाखवा." त्यांनी आपल्या चुलत्यांचे नाव सांगितले. ते सत्तरी गाठायच्या आत गेलेले मला माहीत होते. तसे म्हणताच साडू म्हणाले, "गेले, पण चालता चालता गेले!" न्हावऱ्याच्या सभेला अख्खे गाव लोटले होते, असे ते अजून सांगतात. मी तिथे होतो. निम्मी माणसे एसटीची वाट पाहत होती. एसटी आली आणि सभा तिच्यात बसून गेली.

पाबळला तर त्यांनी "सगळे म्हातारे पुढं या" म्हणून शिट्टी मारली आणि एक माणूस जागचा हलला नाही. समोरच्याच्या तोंडात दात औषधाला नव्हता. साडूंनी त्याच्याकडे बोट दाखवले, तसा तो म्हणाला, "मी? मी कुठला म्हातारा, गार्डसायेब? आमचं थोरलं बंधू हायत की अजून. त्ये हायत तवर मी धाकलाच!" थोरल्या बंधूंच्या घरी गेलो, तर त्यांनी एका आत्याकडे बोट दाखवले. वरचे माणूस हयात आहे तोवर खालचा म्हातारा होत नाही, हा आमच्याकडचा कायदा आहे. लग्नात थोरला आधी, जेवायच्या पाटावर थोरला आधी, तसाच म्हातारपणातही. साडू रेल्वे कॉलनीतले. तिथे वय कागदावर असते.

हाच कायदा पुढे माझ्या घरात येऊन बसला. माझे वडील, आबा, यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. तांब्यात ओतलेले पाणी तांब्याबाहेर जाऊ लागले. कपबशी उचलताना ते आधी टेबलाची कड बोटाने चाचपत, मग बशी, मग कपाचा कान. डॉक्टर म्हणाले, "आता उशीर केलात तर नजर कायमची जाईल." शिबिरात ऑपरेशन फुकट होत होते. पण आबांचे एकच पालुपद, "आप्पाचं झाल्याबगर न्हाई. थोरला आंधळा आन् धाकल्यानं डोळं उघडून फिरायचं व्हय?"

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. ते इनामगावला घोड नदीकाठच्या मळ्यात राहत. त्यांना आबांपेक्षाही कमी दिसे, पण ते कबूल करत नसत. मी जाऊन किती जणांची ऑपरेशने झाली, त्यातल्या किती जणांना दिसू लागले, सगळे नीट सांगितले. आप्पा शांतपणे म्हणाले, "आन् न दिसनाऱ्यात मीच निघालो तर?" मी आकड्यांचा कागद घडी घालून घरी आलो.

मग बायको म्हणाली, "दाजींना सांगते."

"तुझ्या दाजींनी आजवर कुणाची चिमूटभर तंबाखू सोडवली नाही. ते आप्पांना काय तयार करणार?"

"तुम्ही तरी काय केलंत? आकडेच वाचलेत ना?"

साडू आले. मळ्यात शिरतानाच बैलाच्या दाव्यात पाय अडकून पडले. उठून धूळ झटकत त्यांनी ऑपरेशनला हिरवे निशाण दाखवले. आप्पा म्हणाले, "पाव्हनं, दावं काय तुमाला दिसलं न्हाई. तुमचंबी पिकलंय. आदी तुमी काढा, मग मी काढतो."

मला हसू आवरेना. नोकरीभर नजरेच्या तपासणीत पास झाल्याची बढाई मारणारा हा माणूस सुईला इतका भितो, की कॉलऱ्याची लस टोचायला माणूस आला की स्टेशनाच्या मागल्या दाराने जाई. ते काही दिवस दिसलेच नाहीत. आता शिट्टी कायमची बंद झाली, अशा आनंदात मी होतो. तेवढ्यात कळले, की साडू शिबिरात जाऊन एका डोळ्याचे ऑपरेशन करून आले. डोळ्याला पट्टी बांधून हलायचे नाही, खोकायचे नाही, बोलायचे नाही, असे दिवसच्या दिवस पडून राहायचे. साडूंना गप्प ठेवल्याबद्दल त्या डॉक्टरांचा सत्कारच करायला हवा होता.

जाड भिंगाचा चष्मा लावून ते थेट इनामगावला आले. मी आणि बायको सोबत होतो. आप्पांनी परीक्षा घेतली, "नदीपल्याड काय हाय सांगा."

"बाभूळ," साडू म्हणाले. "वरच्या फांदीवर बगळा बसलाय. पंख साफ करतोय. लख्ख!"

बाभूळ होती. बगळा नव्हता. परीक्षकाला स्वतःलाच नदी दिसत नव्हती, तेव्हा खरेखोटे सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. मी तोंड उघडले आणि साडूंनी शिट्टी फुंकली.

पुढच्या शिबिरात आप्पा गेले, मागोमाग आबा. थोरल्याची खाट आधी. दोघांचेही उत्तम झाले. चष्मा आला त्या दिवशी आबा घरभर फिरून सगळे नव्याने बघत होते. "सूनबाई, केस पिकलं की तुझं," म्हणाले. साडू मुद्दाम दौंडहून आले होते आणि हे सगळे आपल्यामुळे कसे झाले, ते सविस्तर सांगत होते. चहा आला. आबा साडूंच्या हाताकडे बघत राहिले. साडूंचे बोट टेबलाच्या कडेवरून सरकत बशीपर्यंत गेले, बशीवरून कपाच्या कानापर्यंत.

आबा हळूच म्हणाले, "पाव्हनं, त्या डोळ्यानं दिसत न्हाई न्हवं तुमाला?"

साडूंनी कपावरून बोट काढून घेतले. मग म्हणाले, "टाके निसटले. मीच खोकलो होतो. डॉक्टरांचा दोष नाही."

"मग बगळा?" मी विचारले.

"काही दिसत नाही म्हणालो असतो, तर आप्पा गेले असते का? आणि आप्पा नसते गेले, तर हे आबा गेले असते?"

बायको उठून आत गेली. आबांनी साडूंचा कप सरळ केला आणि म्हणाले, "दुसरा डोळा पिकला की सांगा. मी येतो संगं. खोकला आला तर तोंड दाबून धरीन."

तो दुसरा डोळा अजून पिकतो आहे. तोवर वर्ग चालूच आहेत, शिट्टी तशीच कर्कश आहे आणि शंभरीची थापही तीच. आता आबा त्यांना धरून नेतात आणि शेजारी बसतात. निशाणे मात्र साडू स्वतःच उचलतात. त्यात कुणाची मदत घ्यायची नाही, हा गार्डाचा ताठा. परवा मीही गेलो होतो. बगळ्याची गोष्ट तोवर सगळ्या गावांना कळली होती. साडू गरजले, "तंबाखू!" आणि लाल समजून हिरवे निशाण उंच धरले.

कुणी हसले नाही. पुढच्या ओळीतल्या एका धनगर म्हाताऱ्याने गालातली तंबाखू काढून लांब टाकली आणि बंडीला हात पुसले.