शौल राजा, ताइफचा रस्ता आणि आमच्या डॉक्टरांची मिशी

गुलाबांसाठी नावाजलेल्या ताइफला आम्ही गुलाब बघायला गेलोच नव्हतो हो. आखाती युद्ध पेटलं होतं, आम्ही राहायचो त्या रियाधवर स्कड क्षेपणास्त्रं पडत होती, म्हणून बायकापोरांना पश्चिमेला हलवायचं ठरलं. आमचे डॉक्टर आम्हाला सोडून लगेच ड्यूटीवर परतणार होते. इस्पितळानं त्यांना गॅसचा मुखवटा दिला होता, पण झुपकेदार मिशीमुळे तो चेहऱ्यावर घट्ट बसेचना. विषारी वायू सोडलाच तर? माझा जीव टांगणीला, आणि हे म्हणतात, "आबा हयात असताना मिशी काढू? अभद्र बोलू नकोस!" आमच्या घरात बाप गेल्यावरच मुलगा मिशी उतरवतो.

सोबत नगरच्या सिस्टर रूथ होत्या, यांच्याच वॉर्डातल्या. रस्ता सरळसोट, डुलकी लागेल असा. पेट्रोल पाण्याहून स्वस्त, तेव्हा कधी गेलात तर पाणी घरून न्या. खुब्ज आणि फूल, म्हणजे रोटी आणि घेवड्याची उसळ, कुठल्याही पंपावर पोटभर मिळते. थंडीत स्वेटर हवाच.

आमची लेक मनी कंटाळली. "आंटी, स्टोरी सुनाओ ना!"

सिस्टरनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. "इस्राएलांचा पहिला राजा, शौल. बापाची हरवलेली गाढवं शोधायला निघाला आणि राज्य घेऊन आला. चारचौघांत डोक्यानं उंच, देखणा."

यांनी आरशात बघून मिशीवर हात फिरवला.

"पण राजा म्हणून नाव पुकारलं तर पठ्ठ्या सामानात लपून बसला!"

"मग?"

"मग लढाया जिंकला आणि डोक्यात हवा गेली. स्वतःचाच विजयस्तंभ उभारला. शमुवेल संदेष्ट्यानं देवाचा हुकूम सांगितला, तो यानं अर्धाच पाळला. दावीदनं राक्षसासारखा गल्याथ लोळवला, तर कौतुक सोडून त्याच्यावरच भाला फेकला. मांत्रिकांना देशाबाहेर काढलं, आणि घाबरल्यावर वेश बदलून गुपचूप एका मांत्रिकिणीकडेच गेला!"

"ऐका," मी यांना म्हटलं.

"ऐकतोय. मिशी होती का त्याला?"

तेवढ्यात चौकी आली. पोलिसानं इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना बघितला, मग यांची मिशी, आणि खूश होऊन म्हणाला, "माशाल्ला!" झालं! पुढचा तासभर आमचे हे शीळ घालत होते. मला असा संताप आला म्हणून सांगू!

"शेवट काय झाला?" मनीनं विचारलं.

सिस्टरचा आवाज उतरला. "गिलबोवा डोंगरावर हरला. बाण लागले, तेव्हा स्वतःच्याच तलवारीवर पडला. त्याची तीन पोरंही त्याच दिवशी गेली, डॉक्टर. राजा पडतो तेव्हा घरच्यांनाही घेऊन पडतो."

शीळ थांबली.

ताइफला उतरल्यावर टेलिफोनच्या खोलीतून यांनी साताऱ्याला आबांना फोन लावला आणि चाचरत सगळं सांगितलं. आबांचा आवाज मलासुद्धा बाहेर ऐकू आला, "गाढवा! मी जिवंत आहे, आता तूही जिवंत राहा. काढ ती मिशी!"

न्हाव्याकडून आले तेव्हा मनी ओळखेचना, माझ्यामागे दडली. यांनी मुखवटा चढवला. कुठूनही वारा शिरेना. आतून काहीतरी बोलले, एक अक्षर कळलं नाही, आणि मी तिथेच ढसाढसा रडले. मग यल्ला, म्हणजे चला, म्हणून हे एकटे परत निघाले.

युद्ध संपलं. हे सुखरूप राहिले. तो मुखवटा आमच्याकडे अजून माळ्यावर आहे, ताइफच्या गुलाबपाण्याची रिकामी बाटलीही.

पण राहून राहून आठवतो तो उन्हाळा, आम्ही साताऱ्याला पोचलो तो. आबा दारातच उभे होते. ऐंशीच्या घरातला माणूस, आणि ओठावरची ती पांढरीशुभ्र मिशी गायब!

"आबा, हे काय?"

"तू काढलीस त्याच दिवशी मीही काढली. सगळी आळी विचारायला आली, कोण गेलं म्हणून." आबांनी यांच्या गुळगुळीत गालावर हात ठेवला. "म्हटलं, कुणी जाऊ नये म्हणून काढलीय."