डावीकडचं दूध

"गाठ नाही, दूध अडलंय," डॉक्टर म्हणाले. "ह्याला ब्रेस्ट एन्गॉर्जमेंट म्हणतात. दूध साचून छाती सुजते, घट्ट होते. पण एकाच बाजूला कसं? डावीकडे बाळाला घेत नाही का?"

माझी मुलगी सुषमा खाली बघत राहिली. मीच म्हणाले, "घेते की, दोन्हीकडे घेते." ती घेत नव्हती. हे मला तिच्या गप्प बसण्यावरून तिथेच कळलं.

शहापूरच्या त्या दवाखान्यात आम्ही खरं तर बाळाचं वजन करायला गेलो होतो. वजन वाढायच्या ऐवजी उतरलं होतं. सुषमाच्या अंगात ताप होता. डॉक्टरांनी ताप आणि जंतुसंसर्गासाठी गोळ्या लिहून दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, "एका बाजूचं दूध त्याला पुरत नाहीये. दोन दिवसांत वजन सावरलं नाही तर दाखल करून घ्यावं लागेल." ते ऐकून सुषमाने पोराला इतकं घट्ट धरलं की ते रडायलाच लागलं. तिचं एक बाळ असंच दाखल झालं होतं. ते परत आलं नव्हतं.

तिला जुळं झालं होतं. पहिलं बाळंतपण म्हणून ती मुरबाडला माझ्याकडे आली होती. आधी मुलगी झाली, मग मुलगा. घरी आल्यावर तिला न्हाऊ घालायला पारूमावशी यायची. आमच्याकडच्या बऱ्याच बाळंतिणी तिच्याच हातच्या. जुळं असलं की ती बाजू वाटून देते, म्हणजे पोरं भांडत नाहीत आणि कोण उपाशी राहिलं ते कळतं. तिने हळदीचं बोट लावून सांगितलं, "डावी थोरलीची, उजवी धाकल्याची. अदलाबदल नाय करायची, गो." आम्ही तसंच करत गेलो. पोरगी हावरी होती. डावीकडे लावली की डोळे मिटून चुरूचुरू ओढायची.

मग एका सकाळी तिने ओढणं सोडलं. अंग गार पडलं. तिला मोठ्या हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेटीत ठेवलं, आणि बारशाच्या आधीच ती गेली. नाव ठेवायचं राहिलं. जावई आणि माझे दीर तिला शेताच्या कडेला पुरून आले. बाळंतीण आणि मी घरातच होतो.

दूध मात्र दोघांचं येत होतं. शरीराला कोणी कळवलं नव्हतं.

मी शिवणकाम करते. सुषमाला पुढून हुकाचे सैल ब्लाउज मीच शिवून दिले होते. डावीकडून कापड ताणतंय, हुक लागत नाही, हे मी पाहिलं होतं. बाळंतिणीचं अंग आहे, भरणारच, असं म्हणून मी हुक सरकवून दिला. वरून अळिवाची खीर, खोबरं, लसूण घातलेला सुकटीचा रस्सा चालूच होता. दूध वाढावं म्हणून आम्ही खायला घालत होतो, आणि बाहेर पडायला त्याला वाट नव्हती.

दवाखान्यातच फिजिओथेरपीची खोली होती, डॉक्टरांनी आम्हाला तिथे पाठवलं. ही कंबर-गुडघ्याची जागा, इथे बाळंतिणीचं काय काम, असं मला वाटलं. तिथल्या मॅडम वयाने सुषमाएवढ्याच. त्यांनी आधी कोमट ओला कपडा थोडा वेळ ठेवला. मग अल्ट्रासाउंड थेरपी दिली. पोटातलं बाळ बघतात ती सोनोग्राफी वेगळी. ह्यात जेल लावून मशीनचं गोल टोक छातीवर फिरवतात. त्याच्या लहरी कानाला ऐकू येत नाहीत, पण आत मंद ऊब जाते आणि कडकपणा सैल व्हायला मदत होते. मग त्यांनी हाताने सूज काखेकडे सारली. मी म्हटलं, "जरा जोर लावा, अहो, दगड झालाय."

"जोर लावला तर सूज वाढेल," मॅडम म्हणाल्या. "दुधावरची साय बोटाने बाजूला करता ना, तेवढाच हात."

शेवटी दूध काढायला घेतलं. आधी थेंब आला, मग धार लागली. सुषमाने दात आवळून धरले होते. वाटी भरली तशी मॅडम म्हणाल्या, "छान. हे चमच्याने बाळाला पाजा."

"नाय," सुषमा म्हणाली. त्या खोलीतला तिचा तो पहिला शब्द. "ते त्याचं नाय. तिचं आहे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी बाळाकडे पाहिलं. ते स्वतःची मूठ चोखत होतं.

मॅडम समजावत राहिल्या, की थोडं मोकळं झालंय, पण बाळ प्यायलं नाही तर उद्या पुन्हा तेच होणार. सुषमा मान हलवत होती, ऐकत नव्हती. शेवटी त्यांनी ते दूध झाकणाच्या डबीत भरून दिलं, आणि घरी येऊन सुषमाने ते तुळशीत ओतलं. मी डबी विसळून ठेवली. बोलून उपयोग झाला असता तर बोलले असते. दुसऱ्या सकाळी छाती पुन्हा टणक, आणि पोर भुकेने किरकिरून झोपलेलं. मी शिलाईच्या मशीनवर कापड टाकलं आणि पारूमावशीच्या पाड्यावर गेले.

"मावशी, बाजू तुमी वाटलीत, आता तुमीच मोडा."

ती भात पाखडत होती. सूप खाली ठेवून लगेच निघाली. वाटेत एवढंच म्हणाली, "मला आधी का नाय बोलावलंस?"

घरी येऊन तिने हात धुतले, हळद कालवली आणि सुषमासमोर बसली.

"थोरली कोण गो?"

"ती."

"मंग थोरली धाकल्याच्या तोंडचं काढून घेते का? माझी थोरली भाकर अर्धी करून भावाला द्यायची. ही काय येगली हाय? दे त्याला. ताई देते म्हणून दे."

तिने डावीकडे हळदीचं बोट लावलं. सुषमाने पोराला घेतलं, पण त्याला तोंडात धरता येईना, इतकं घट्ट होतं. तेव्हा काल निघताना मॅडमनी शिकवलेलं मला आठवलं. बोंडाभोवती बोटांनी हलकेच आत दाबून धरायचं, सूज मागे सरते, जागा मऊ होते. मी दाबून धरलं. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा त्याने पकडलं आणि ओढायला लागला, चुरूचुरू.

सुषमा तेव्हा रडली. मुलगी गेल्यापासून ती मोठ्याने रडली नव्हती. पारूमावशी म्हणाली, "रड, पण हलू नको, पोर सुटेल."

आणखी काही दिवस आम्ही शहापूरला जाऊन त्या मशीनचा शेक घेतला. सूज उतरली, ताप गेला. बाळाचं वजन सावरलं, दाखल करायची वेळ आली नाही.

ज्यांच्या घरात बाळंतीण आहे त्यांना सांगते. छाती टणक झाली, दुखायला लागली, तर लाजू नका आणि थांबू नका. पाजण्याआधी थोडा वेळ कोमट कपडा, पाजून झाल्यावर गार. रगडू नका. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाळ गेलेल्या बाईलाही दूध येतं. तिलाही कोणीतरी विचारा, कारण ती स्वतःहून सांगणार नाही. त्या मॅडमचे आणि पारूमावशीचे उपकार मी एकाच तराजूत घालते. एकीचा हात नसता तर दूध सुटलं नसतं, दुसरीचा नसता तर ते पोराला मिळालं नसतं.

बारसं उशिरा केलं. पाळण्यात एकच बाळ होतं, नाव एकच ठेवलं. डावीकडे घेताना सुषमा अजून त्याला सांगते, "आता ताईचं." तो पितो. सुरुवातीला मी तिला टोकणार होते. आता त्या वेळी शिवणाचं मशीन थांबवते, आवाज नको म्हणून.