होल्याला दिलेला वेळ

मामांनी एअरगन मधोमध वाकवून नळीत नवा छर्रा बसवला आणि वर पाहिलं. पहिला छर्रा फांदीला लागला होता, तरी होला शेवग्यावर तसाच बसून होता.

दुकानदार लागोपाठ छर्रे सुटणारी बंदूक दाखवत होता, पण मामांनी हट्टानं हीच घेतली. हिच्यात दर वेळी नव्यानं छर्रा भरावा लागतो. "नेम चुकला तर पाखराला उडायला वेळ नको का?" असं तेव्हा ते म्हणाले होते.

आपली दया बहुधा अशीच असते. आपण एक फट ठेवायची आणि समोरच्यानं तिच्यातून वेळेत निसटायचं. पण त्याला ती फट ठाऊकच नसेल तर?

होला मान तिरकी करून आमच्याकडे बघत होता.

"अरे उड की, गाढवा!" मामा चक्क चिडले. मग बंदूक कठड्याला टेकवून त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. होला उडाला.

तेवढ्यात आतून मामींचा आवाज आला, "अहो, मसाला वाटून झाला!"

मामा नळीतला छर्रा काढत म्हणाले, "बटाटे घाल त्यात."