कपाटाच्या दारामागचे चार नियम

बाबांनी विक्रोळीच्या कारखान्यात तीस वर्षं काढली. तिथे प्रत्येक मशीनवर सूचनांचा कागद चिकटवलेला असायचा. त्यामुळे घरातही नवं काही शिकायचं म्हटलं की त्यांना कागद लागतो. मी त्यांना ई-मेल सुरू करून दिला तेव्हा त्यांनी वही पुढे ओढली. म्हणाले, "सांग. नंबर टाकून सांग."

मी अंधेरीला नोकरी करते. कोण फसतं ते बघायला आमच्या ऑफिसात मुद्दाम खोटे मेल पाठवतात. मी कधीच फसले नव्हते आणि त्याचा मला माज होता. ऐटीत सांगितलं, पाठवणाऱ्याचा पत्ता नीट वाचायचा. 'आजच करा, नाहीतर खातं बंद' असं लिहिलं असेल तर हात लावायचा नाही, सरळ शाखेत जायचं. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. बाबांनी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि खाली स्वतःच्या मनाने चौथा नियम घातला: शंका आल्यास मुलीला विचारणे. मग तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

आई गेल्यावर अकराव्या दिवशी मी टेबलावर कागदपत्रं पसरून बसले होते. आईबाबांचं एकच खातं, दोघांच्या नावावर. बाबांची पेन्शन त्यातच येते, आईने आयुष्यभर मागे टाकलेलंही त्यातच होतं. आईचं नाव काढायचा अर्ज दिला होता आणि काही राहिलं तर कळवू, असं शाखेतून सांगितलं होतं. त्यामुळे बाबांच्या ई-मेलवर बँकेचा मेल आला त्याचं नवल वाटलं नाही. केवायसी अपूर्ण आहे, आजच पूर्ण करा, नाहीतर खातं गोठवलं जाईल. बाहेरच्या खोलीत नातेवाईक तेराव्याला किती माणसं होतील ते मोजत होते. मला काहीच वाटत नव्हतं, रडूही येत नव्हतं. एक काम हातावेगळं होईल, एवढंच डोक्यात होतं. मेलमधली लिंक उघडून मी माहिती भरत गेले.

ओटीपी बाबांच्या फोनवर आला.

"पत्ता वाचलास का गं?"

"बँकेचाच आहे बाबा. आकडे वाचा ना."

"पण हा द्यायचा नसतो ना?"

"मी काय परकी आहे? वाचा."

त्यांनी एकेक आकडा थांबून थांबून वाचला.

खातं रिकामं झालं. तक्रार केली, चौकीत जाऊन आलो, सह्या केल्या. शाखेतल्या बाईंनी मेल बघितला. पत्त्यात बँकेच्या नावाला भलताच शब्द जोडलेला होता. त्या म्हणाल्या, असा मेल कुणाकुणाला गेला असेल, तुमच्या घरात काय झालंय हे पाठवणाऱ्यांना ठाऊकही नसणार. मी मान हलवत राहिले.

बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

महिनाभराने मी पेन घेऊन कपाट उघडलं. चौथा नियम खोडायचा होता. तेवढ्यात बाबा फोन घेऊन मागे आले.

"हा बघ जरा. बँकेचा म्हणतोय. खरा आहे का?"

"मला नका विचारू बाबा. शाखेत जाऊन विचारू या."

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर जाऊ."

आणि चप्पल शोधायला लागले. आई गेल्यापासून मला पहिल्यांदा रडू आलं.